खोक्यावरचा इशारा : त्वचेच्या स्मृतीचा इतिहास

१/ घरातले केसरंगाचे खोके हातात घ्या आणि त्यावरचा सर्वांत बारीक मजकूर वाचा. यातील घटकांमुळे काही जणांच्या त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी, असे तिथे लिहिलेले आढळेल. त्यापुढचे विधान अधिक चमत्कारिक आहे : हा रंग भुवयांना किंवा पापण्यांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. केस काळे करण्याच्या साध्या वस्तूवर अंधत्वाचा उल्लेख कोणी आणि का केला? आजचा थ्रेड या एका इशाऱ्याच्या इतिहासाविषयी.

२/ थोडक्यात उत्तर असे : हा इशारा १९३८ साली अमेरिकेच्या एका कायद्यात जन्मला, जवळजवळ त्याच शब्दांत भारतीय नियमांत आला आणि आपल्या न्हाणीघरापर्यंत पोहोचला. तो लिहिला जाण्यापूर्वी काही स्त्रियांची दृष्टी गेली होती, एकीचा जीवही गेला होता. मात्र त्यामागचे मर्म, म्हणजे एखादा पदार्थ एकाला सोसतो आणि दुसऱ्याला नाही, हे आपल्या पूर्वजांना फार आधीपासून ठाऊक होते. म्हणून आरंभ अमेरिकेपासून न करता बिब्ब्यापासून करू.

३/ बिब्बा, संस्कृतात भल्लातक. या फळाच्या काळ्या टरफलात दाट, झोंबणारे तेल असते. ते कापडावर पडले की काळे होते आणि कितीही धुतले तरी जात नाही. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करत आले. त्याच फळातली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. आयुर्वेदात बिब्बा औषध आहे, पण विटेच्या चुऱ्यात घासून शोधन केल्यावाचून तो वापरायचा नाही. एकाच फळात खाऊ, शाई आणि फोड अशी ही त्रयी आहे.

४/ बिब्ब्याचे तेल लागून अंगावर सूज, खाज आणि पाणीदार फोड उठले की मराठीत ‘बिब्बा उतला’ म्हणतात. क्रियापद नीट पाहा. बिब्बा भाजला नाही, चावला नाही, उतला. दूध उतते तसा. बराच वेळ वरकरणी काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सारे वर येते. शिवाय कोणाला तो सोसतो आणि कोणाला उततो, हाही घरोघरचा अनुभव. आधुनिक वैद्यकाने ज्या विकाराला पुढे ‘स्पर्शजन्य ॲलर्जी’ म्हटले, त्याची दोन मुख्य लक्षणे, विलंब आणि व्यक्तिभेद, या छोट्या शब्दप्रयोगात आधीच सामावली आहेत.

५/ या जुन्या अनुभवाला पाश्चात्त्य वैद्यकात एक अनपेक्षित नोंद मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. भारतात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर ठरावीक जागी पुरळ उठू लागले. कपडे स्थानिक धोब्याकडे धुतले जात आणि पुरळ उठे ते नेमके त्याची खूण जिथे त्वचेला टेकते तिथे. १९४३ साली अमेरिकी लष्करी वैद्यांनी आपल्या देशाच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात या विकाराची माहिती ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केली.

६/ अमेरिकी सैनिकांनाच हा त्रास का व्हावा? एक संभाव्य कारण वनस्पतिशास्त्रात सापडते. बिब्बा, काजू, आंबा, जपानी लाखेचे झाड आणि अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ नावाची वेल ही सारी एकाच कुळातली. त्यांच्यातील दाहक तेले रचनेने एकमेकांच्या जवळची आहेत. ज्याच्या त्वचेने बालपणी अमेरिकेच्या रानात त्या वेलीची ओळख करून घेतली, तिला भारतात आल्यावर कॉलरवरच्या काळ्या ठिपक्यात जुना शत्रू दिसू शकतो. त्वचा विसरत नाही, हे या थ्रेडचे मध्यवर्ती सूत्र आहे.

७/ येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्यावाचून पुढचा इतिहास उमगणार नाही. त्वचेला त्रास होण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला ‘पोळण्याचा’. साबण, धुण्याचा सोडा, ब्लीच, फरशीचे क्लीनर हे पदार्थ पुरेसे तीव्र असले किंवा पुरेसा वेळ लागले, तर कोणाचीही त्वचा सोलतील. साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी या पृष्ठभागाला ‘आम्ल-कवच’ असे नाव दिले. दिवसभर भांडी घासणाऱ्या हातांना भेगा पडतात, त्या हे कवच वारंवार धुतले गेल्यामुळे.

८/ दुसरा मार्ग ‘उतण्याचा’. इथे प्रमाणापेक्षा ओळख महत्त्वाची. पहिल्या वेळी काहीच होत नाही. दहाव्या किंवा शंभराव्या वेळीही होत नाही. मग एके दिवशी शरीराची संरक्षणव्यवस्था त्या पदार्थाला परका ठरवते आणि त्यानंतर त्याचा अंशही पुरेसा होतो. म्हणूनच ‘मी वीस वर्षे हेच वापरते आहे, मला याचा त्रास होणे शक्य नाही’ हा युक्तिवाद फसवा आहे. बिब्बा मात्र दोन्ही मार्गांनी छळतो : त्याचे तेल पोळतेही आणि उततेही. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या विदर्भातील स्त्रियांचे हात याची साक्ष देतात.

९/ आता प्रश्न असा : शंभर वस्तू हाताळणाऱ्या माणसाला नेमकी कोणती उतली, हे ओळखायचे कसे? उत्तर दिले योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने. ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) काम करताना त्याच्या लक्षात आले की पाऱ्याच्या मलमाने काही रुग्णांना इसब उठते. त्याने संशयित पदार्थ पट्टीखाली त्वचेच्या लहानशा भागावर लावून ठेवला आणि तिथेच तसेच इसब उठलेले दाखवून दिले. १८९५ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे भरलेल्या परिषदेत त्याने हे निष्कर्ष मांडले. हीच ‘पॅच टेस्ट’.

१०/ कल्पना साधी, पण परिणाम दूरगामी. रोगाची लहानशी प्रतिकृती हेतुपुरस्सर घडवायची आणि गुन्हेगार ओळखायचा. स्वित्झर्लंडमध्ये ब्रूनो ब्लोख यांनी ही पद्धत पुढे नेली. प्रिम्युला नावाच्या शोभेच्या रोपावर प्रयोग करताना त्यांना स्वतःलाच त्याची ॲलर्जी जडली. कोपनहेगनच्या पोल बोनेव्ही यांनी १९३९ साली वारंवार त्रास देणाऱ्या पदार्थांची एक प्रमाणित यादी प्रसिद्ध केली. आजही त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर अशाच यादीतील पदार्थांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी त्या काढतात आणि पुढे आणखी एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा तपासतात.

११/ त्वचा लक्षात ठेवते म्हणजे नेमके काय होते? कार्ल लँडस्टायनर, ज्यांना रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल मिळाले, त्यांनी १९३० च्या दशकात दाखवले की रसायनाचे अगदी लहान रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतात आणि त्यांना ‘परके’ रूप देतात. १९४२ साली त्यांनी आणि मेरिल चेस यांनी सिद्ध केले की ही संवेदनशीलता एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते ती पेशींबरोबर. म्हणजे स्मृती पेशींत असते. पेशी शरीरभर फिरतात, म्हणून एकदा हाताला उतलेला पदार्थ पुढे मानेलाही उततो.

१२/ आता केसरंगाकडे वळू. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन बनवायला निघाला आणि त्याच्या भांड्यात जांभळा रंग तयार झाला. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून रंग बनवण्याचा उद्योग येथून सुरू झाला. त्याच रसायनांच्या कुटुंबातील एक पदार्थ म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमिन. सोयीसाठी त्याला ‘पीपीडी’ म्हणू. १८८० च्या दशकात युरोपात लक्षात आले की हा पदार्थ केसांना काळा रंग देतो, आणि तोही धुतल्यावर न जाणारा.

१३/ पीपीडीचे यश त्याच्या रेणूच्या लहानपणात आहे. तो सहज केसाच्या आत शिरतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सान्निध्यात त्याचे ऑक्सिडीकरण होते, लहान रेणू एकमेकांशी जुळून मोठे होतात आणि केसातच अडकून पडतात. म्हणून रंग टिकतो. पण जो रेणू केसात शिरतो तो त्वचेतही शिरतो आणि प्रथिनांना चिकटतो. लँडस्टायनरने वर्णिलेली घटना नेमकी हीच. गुण आणि दोष एकाच गुणधर्मातून आलेले असल्याने दोष तेवढा वेगळा काढणे रसायनशास्त्रज्ञांना आजही सोपे गेलेले नाही.

१४/ त्या काळच्या ग्राहकालाही धोक्याची जाणीव होती. १९०९ साली यूजेन श्यूलर या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये एक कंपनी काढली. तिच्या नावाचा अर्थ होता ‘केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’. हीच पुढे ‘लोरेआल’ म्हणून जगभर पोहोचली. इतिहासाच्या अभ्यासकाने या नावातील ‘निरुपद्रवी’ या विशेषणाकडे जरूर पाहावे. जे सर्वत्र गृहीत असते त्याची जाहिरात कोणी करत नाही. बाजारात उपद्रवी रंग भरपूर असल्याखेरीज असे नाव ठेवण्याचे कारण नव्हते.

१५/ अमेरिकेत मात्र कायद्यातच मोठी फट होती. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. खाद्यपदार्थात भेसळ केली तर शिक्षा होती. चेहऱ्याला लावायच्या वस्तूत काहीही घातले तरी सरकारला तिला हात लावता येत नव्हता. त्याच सुमारास चित्रपटांनी गडद भुवया आणि लांब पापण्यांची आवड रुजवली होती. रोज काजळासारखे काही लावण्यापेक्षा पापण्या कायमच्या रंगवून घेण्याची सोय ब्युटी पार्लरमधून मिळू लागली. या सोयीचे एक व्यापारी नाव होते ‘लॅश ल्यूर’.

१६/ लॅश ल्यूरमध्ये पीपीडी होते आणि ते थेट पापण्यांच्या मुळाशी लावले जाई. १९३३ साली ओहायो राज्यातील डेटन शहरात एका स्त्रीने एका समारंभापूर्वी आपल्या पापण्या रंगवून घेतल्या. लवकरच तिचे डोळे सुजून बंद झाले आणि अखेर तिची दृष्टी गेली. अशी ती एकटीच नव्हती. अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांचे अहवाल येऊ लागले आणि एका प्रकरणात तर मृत्यू ओढवला. उत्पादन तरीही विक्रीस राहिले, कारण त्याने कोणताच कायदा मोडला नव्हता.

१७/ अन्न व औषध प्रशासनाला कारवाईचा अधिकार नव्हता. मग त्याने प्रदर्शनाचा मार्ग धरला. कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या घातक वस्तू, त्यांची लेबले आणि पीडितांची छायाचित्रे एकत्र मांडण्यात आली. त्यात डेटनच्या त्या स्त्रीची आधीची आणि नंतरची अशी दोन छायाचित्रे होती. पत्रकारांनी प्रदर्शनाला ‘भयदालन’ म्हटले. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते पाहिले. प्रशासनातील अधिकारी रूथ डिफॉरेस्ट लॅम्ब यांनी १९३६ साली ‘अमेरिकन चेंबर ऑफ हॉरर्स’ याच नावाने पुस्तक लिहून हा विषय घरोघरी पोहोचवला. स्त्रियांच्या संघटनांनी नव्या कायद्याची मागणी लावून धरली.

१८/ तरीही कायदा पाच वर्षे रखडला. १९३७ साली सल्फानिलमाइडच्या एका विषारी द्रव औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक मुले होती, तेव्हा काँग्रेसला जाग आली. २५ जून १९३८ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नव्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याखाली जप्त झालेले पहिलेच उत्पादन लॅश ल्यूर होते. पण डोक्याच्या केसरंगांचे काय? तिथे उद्योगाशी तडजोड झाली, आणि आपल्या खोक्यावरचा इशारा त्या तडजोडीतून आला आहे.

१९/ तडजोड अशी : डांबरजन्य केसरंगात त्वचेला घातक घटक असला तरी त्यावर बंदी येणार नाही, मात्र दोन अटी पाळाव्या लागतील. खोक्यावर ठरलेला इशारा ठळकपणे छापायचा आणि आधी चाचणी कशी घ्यावी याच्या सूचना सोबत द्यायच्या. पापण्या-भुवयांच्या रंगांना ही सवलत नाही. म्हणजे १८९५ साली रुग्णालयासाठी शोधलेली याडासोनची चाचणी १९३८ साली सामान्य ग्राहकाच्या हाती सोपवली गेली. त्याबरोबर जबाबदारीही सोपवली गेली : इशारा छापला की विकणारा मोकळा झाला आणि वाचण्याचे ओझे वापरणाऱ्यावर आले.

२०/ भारतात १९४० साली औषधांविषयीचा कायदा झाला. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली आणि कायद्याच्या नावातही त्यांचा समावेश झाला. पुढे नियमांत केसरंगाच्या वेष्टनावर इशारा बंधनकारक झाला, तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत. त्याची शब्दरचना अमेरिकी इशाऱ्याशी जवळजवळ जुळते. अंधत्वाचा उल्लेखही तोच. चाचणीची रीतही दिली आहे : कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावावा, चोवीस तास थांबावे, दाह नसेल तरच वापरावा आणि प्रत्येक वापरापूर्वी ही चाचणी नव्याने घ्यावी. ‘प्रत्येक’ या शब्दामागे उतण्याचे तत्त्व आहे, हे आता ध्यानात येईल.

२१/ एक आधुनिक पोटकथा. मेंदीचा स्वाभाविक रंग केशरी-तांबडा ते तपकिरी असतो आणि तो चढायला काही तास लागतात. ‘काळी मेंदी’ म्हणून जत्रेत किंवा पर्यटनस्थळी झटपट काढली जाते, तिच्यात पुष्कळदा पीपीडी मिसळलेले असते, आणि तेही केसरंगापेक्षा अधिक प्रमाणात. एखाद्या मुलीच्या हातावर दहाव्या वर्षी त्या नक्षीच्या आकाराचे फोड उठतात आणि मावळतात. पुढे अनेक वर्षांनी ती पहिल्यांदा केस रंगवते आणि चेहरा सुजतो. मधल्या काळात त्वचेने काहीच विसरलेले नसते.

२२/ आता आपल्या घरातील सर्वांत जिव्हाळ्याचे प्रसाधन : कुंकू. परंपरेने ते हळदीपासून बनते. हळदीला चुना किंवा टाकणखार यांची जोड मिळाली की ती लाल होते. कपाळावर आधी मेण आणि त्यावर करंड्यातले कुंकू, ही आपल्या आज्यांची पद्धत. विसाव्या शतकात स्वस्त कृत्रिम रंग आले आणि कुंकवाच्या नावाखाली ते बाजारात विकले जाऊ लागले. १९८६ साली सिंगापूर आणि जपानमधील तज्ज्ञांनी कुंकवाच्या स्पर्शाने त्वचेवर पडणाऱ्या काळसर डागांचा अहवाल प्रसिद्ध केला. जपानला हा विकार आधीच परिचित होता. तो का, ते पुढे पाहू.

२३/ मेण-कुंकवाची जागा मग चिकटवायच्या टिकलीने घेतली. स्वच्छ, सुबक, घामाने न ओघळणारी. पण टिकलीला डिंक लागतो. १९९० साली अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टिकलीच्या डिंकातील ‘पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉल’ हा पदार्थ कपाळावरचे पांढरे डाग निर्माण करतो. तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतो. टिकली काढावी तर तिच्याच आकाराचा पांढरा ठिपका उरलेला. कित्येकदा खाज किंवा लाली अशी पूर्वसूचनाही मिळत नाही.

२४/ या ठिपक्याचे ओझे केवळ वैद्यकीय नव्हते. आपल्या समाजात पांढऱ्या डागाला ‘कोड’ म्हणून किती लग्ने मोडली, किती मुलींना लपून राहावे लागले, हे सांगायला नको. रसायनाने उठलेला डाग संसर्गजन्य नाही. कोडही संसर्गजन्य नाही. पण ही समजूत कपाळाकडे पाहणाऱ्यांना कोण घालणार? वैद्याचा सल्ला सोपा असतो : टिकली बंद करा. सौभाग्याशी जोडलेली खूण पुसणे मात्र एखाद्या सुनेला सोपे नसते. डाग झाकण्यासाठी त्यावरच मोठी टिकली लावली जाई, आणि डाग वाढत जाई.

२५/ जपानमध्ये १९६०-७० च्या दशकांत असंख्य स्त्रियांच्या चेहऱ्यांवर काळपट डाग दिसू लागले. ओसाका आणि टोकियोच्या तज्ज्ञांनी पॅच टेस्टच्या साहाय्याने एकेक घटक तपासला. एका लाल रंगातील ‘सुदान-१’ ही अशुद्धी आणि काही सुगंधी द्रव्ये दोषी ठरली. त्वचारोगतज्ज्ञ हिदेओ नाकायामा यांनी ज्ञात त्रासदायक घटक वगळून साबण व प्रसाधने बनवण्याची व्यवस्था उभी केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या जपानी कंपन्यांनी ते घटक टाळले आणि रुग्ण झपाट्याने घटले. इशारा छापण्यावर न थांबता इथे घटकच काढला गेला.

२६/ दुसरे असेच उदाहरण डेन्मार्कचे. निकेल या धातूची ॲलर्जी म्हणजे फॅशनचा नकाशाच. मोज्यांचे पट्टे असतील तेव्हा मांडीवर पुरळ, जीन्सचे बटण आले तेव्हा बेंबीखाली, कान टोचण्याची लाट आली तेव्हा पाळीवर. १९९० च्या सुमारास डेन्मार्कने त्वचेला टेकणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. १९९४ साली युरोपीय संघानेही तशी नियमावली केली. त्यानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींत ही ॲलर्जी आधीच्या पिढीपेक्षा लक्षणीय कमी आढळली. कायद्याने त्वचा वाचते, याचा हा पुरावा.

२७/ या इतिहासातून रोजच्या वापरासाठी काय घ्यावे? ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित असे नव्हे. बिब्बा नैसर्गिकच आहे. नवीन प्रसाधन आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून काही दिवस पाहावे. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे गुन्हेगार सापडतो. भांडी-धुण्याच्या वेळी हातमोजे, नंतर कोरडे पुसून साधे व्हॅसलीन. आणि केसरंगाने किंवा काळ्या मेंदीने एकदा जरी दाह झाला असेल तर घरी पुन्हा चाचणी करू नये; त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. घरच्या चाचणीत काही दिसले नाही तरी पूर्ण निर्धास्त होऊ नये, कारण काही वेळा चोवीस तासांनंतरही उतते.

२८/ आता ते खोके पुन्हा वाचा. त्यातल्या अंधत्वाच्या उल्लेखामागे १९३३ ची डेटनमधली ती स्त्री आहे, चाचणीच्या सूचनेमागे ग्राझची परिषद आहे आणि ‘काही जणांच्या’ या शब्दांमागे बिब्ब्याने शिकवलेला व्यक्तिभेद आहे. टिकलीच्या पाकिटावर असा इशारा तुम्हाला आढळतो का, हेही पाहा.

शेवटी एक विनंती. ‘बिब्बा उतणे’ यासारखे शब्दप्रयोग तुमच्या घरी, तुमच्या बोलीत आहेत का? आजीला विचारा आणि खाली लिहा. असे शब्द ही आपल्या वैद्यकीय इतिहासाची साधने आहेत, आणि ती वेगाने विस्मरणात चालली आहेत.